अडकलं एकीकडे, मोडलं दुसरीकडे

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन भावांचं एक शेड होतं. वडिलांनी उभं केलेलं. त्यांच्या माघारी मिळकतीच्या कागदावर दोघांची नावं लागली. थोरला शेड चालवायचा. धाकटा पंचगंगेच्या पलीकडं, पुलाच्या शिरोलीत एका कारखान्यात टर्नर होता आणि बायकोमुलांना घेऊन तिथंच राहायचा. थोरल्याला शेडवर कर्ज काढायचं होतं. बँक म्हणत होती, आधी भावाचं हक्कसोडपत्र आणा. धाकटा सही करत नव्हता. तो हो म्हणत नव्हता, नाही म्हणत नव्हता आणि कारणही सांगत नव्हता.

मधे होती आई. थोरला तिला म्हणायचा, “तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकंल तो.” मग ती केएमटीनं पूल ओलांडून शिरोलीला जायची. धाकटा तिला जेवायला वाढायचा, नातवंडं अंगाखांद्यावर खेळायची, आणि कागदाची गोष्ट निघाली की धाकटा उठून बाहेर जायचा. निघताना एवढंच म्हणायचा, “त्याला सांग, तोंड त्यालाबी आहे.” हा निरोप आईनं कधी पोचवला नाही. घरी आल्यावर थोरला विचारायचा, “काय म्हणाला?” ती म्हणायची, “काही नाही.” मग तो चिडायचा, “तू नीट बोलतच नसशील.” आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकीच्या दोन झाल्या. दोन्ही मुलांना ते माहीत होतं. दोघांनाही वाटत होतं की ते दुसऱ्यामुळं झालंय.

त्याच वर्षी थोरल्यानं एक जुना लेथ घेतला. हरिहरचा किर्लोस्कर किंवा बेंगळुरूचा एचएमटी घ्यावा एवढा पैसा नव्हता. मिळाला तो राजकोटी बनावटीचा, पायऱ्यांच्या पुलीचा, बॅक गिअरचा साधा लेथ. विकणाऱ्यानं त्याला वरून खालपर्यंत हिरवा रंग फासून दिला होता. जुना लेथ घेताना माणसानं रंगाकडं बघूच नये. हेडस्टॉकजवळचा बेड बोटांनी चाचपावा, कारण बहुतेक काम तिथंच होतं आणि झीजही तिथंच सापडते. स्पिंडल, म्हणजे लेथचा फिरता आस, हातानं वर-खाली हलवून बघावा. रंग कुणीही मारतं, आणि बऱ्याचदा काहीतरी झाकायलाच मारतं.

स्पिंडलच्या नाकावर, काम धरायच्या जागी, कॉलेट चक बसलेला होता. कॉलेट म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी. चकाचं नट आवळलं की ती निमुळत्या जागेत दबते आणि गोल सळईला सगळ्या बाजूंनी सारखी धरते. जबड्यांचे वण उठत नाहीत, आणि एकामागून एक शेकडो पिना काढायच्या असतील तर याच्यासारखी सोय नाही. पण ज्या मापाचा कॉलेट, त्याच मापाची सळई त्याला चालते. थोरल्याला काम मिळालं होतं पंपाच्या फ्लँजचं, चांगल्या तळहाताएवढ्या. त्याला तीन जबड्यांचा चक हवा होता, आणि तो लेथबरोबर आलाही होता. फक्त आधीचा निघाला पाहिजे. तो निघेना.

थोरला टर्नर नव्हता, पण वडिलांच्या हाताखाली वाढलेला होता. हा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसतो आणि आटे उजवे असतात, हे त्याला ठाऊक होतं. टेलस्टॉककडून, म्हणजे चकाच्या समोरून, बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरवायचं. त्यानं चकाला भला मोठा पाइप पाना लावला आणि ओढला. चकाबरोबर स्पिंडलही फिरला. म्हणजे स्पिंडल धरून ठेवला पाहिजे. मग त्यानं ते केलं, जे उतावळ्या माणसाला हमखास सुचतं. अशा लेथवर पुली आणि मोठा बुल गिअर एका पिनेनं जोडलेले असतात. हळू फिरवायचं असेल तेव्हा पिन काढून बॅक गिअर घालायचा असतो. पिन तशीच ठेवून बॅक गिअरही घातला, तर स्पिंडल जाम होतो. पुढं फिरत नाही, मागंही फिरत नाही. थोरल्यानं तेच केलं. पान्याच्या दांड्यावर त्यानं चार फुटी पाइप चढवला आणि सगळं अंग टाकलं.

कडाक्कन आवाज झाला. पाइप झपकन खाली आला. “सुटला!” म्हणून तो ओरडलासुद्धा. चक होता तिथंच होता. बॅक गिअरचे दोन दात खालच्या ट्रेमध्ये पडले होते.

शेजारच्या शेडमधला गॅसवाला नळकांडं घेऊन यायला तयार होता. “लाल करू, आपोआप सुटतंय.” थोरला हो म्हणण्याच्या बेतात होता. तेवढ्यात आईनं वडिलांच्या जुन्या मेस्त्रींना बोलावणं धाडलं. मेस्त्री आता काम करत नसत, पण या घराला नाही म्हणत नसत. ते आले, गॅसवाल्याला हात जोडून परत पाठवलं, आणि म्हणाले, “स्पिंडल कशावर फिरतोय ते ठाऊक आहे का? आत बेअरिंगला व्हाइट मेटल असलं तर ते अडीचशे अंशाच्या आतच वितळायला लागतंय. चक सुटंल, पण लेथ भंगारात जाईल.”

मेस्त्रींनी चकाला हात लावला नाही. त्यांनी रॉकेल मागितलं, दात घासायचा जुना ब्रश मागितला, चिंधी मागितली. चकाचं नट सोडवून आधी कॉलेट बाहेर काढून ठेवला. मग बसले धुवत. थोरला मागं उभा राहून चुळबुळत होता; फ्लँजची तारीख जवळ आली होती आणि इथं एक म्हातारा माणूस लोखंडाला आंघोळ घालत होता. पण बारकाईनं बघायचं तर आधी मळ निघाला पाहिजे. अडकलेलं काहीही सोडवण्यात निम्मं काम हेच असतं, आणि त्या निम्म्या कामालाच माणूस सगळ्यांत जास्त कंटाळतो.

“यावर आधी काय चालायचं रे?” मेस्त्रींनी विचारलं.

“कुणास ठाऊक.”

“विचार की मग. फोन आहे ना तुझ्याजवळ?”

थोरल्यानं विकणाऱ्याला फोन लावला. कळलं की त्या लेथवर पिना व्हायच्या, आणि पिनेच्या तोंडाला भोक पाडून त्यात टॅपनं आटे पाडायचे. मेस्त्रींनी मान हलवली. “टॅप आत घालायचा सुलटा फिरवून, बाहेर काढायचा उलटा फिरवून. म्हणजे लेथ दिवसभर सुलटा-उलटा फिरत असणार. उलटा फिरवला की आट्यांवर बसलेला चक सुटून अंगावर यायची भीती. तो सुटू नये म्हणून कुणीतरी काहीतरी केलेलं असणार. केलेलं असलं तर ते वेडेपणानं केलेलं नाही.”

त्यांनी चकाच्या मागच्या गळ्यावरून नखानं रंग खरवडायला सुरुवात केली. पाव फेरा झाला आणि नख अडलं. रंगाखाली एक खाच होती. टोच्यानं रंग काढला, त्याखाली वाळून दगड झालेलं ग्रीस होतं, ते काढलं, आणि आत दिसला एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू. ॲलन की लावून स्पिंडलवर घट्ट आवळलेला. थोरल्यानं ज्या चकावर सगळं अंग टाकलं होतं, त्याला आतून कुलूप होतं.

“हा दिसायचा कसा?” थोरला म्हणाला. “रंगच मारलाय वरनं.”

“म्हणून तर खरवडायचं,” मेस्त्री म्हणाले.

स्क्रू निघायलाही वेळ लागला. खाच साफ केली, तेल सोडलं, की बसवून वरून बारीक ठोके दिले, आणि मग तो कुरकुरत बाहेर आला. त्याच्याखाली पितळेचा तुकडा घालायला हवा होता, म्हणजे स्पिंडलच्या आट्यांना इजा होत नाही. घालणाऱ्यानं तो घातला नव्हता. स्क्रू निघाला तरी चक मात्र हलला नाही. आट्यांत पाण्याचं कूलंट वर्षानुवर्षं झिरपलं होतं आणि लोखंडाचा बारीक कीस आत दबला होता. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते; आट्यांमधल्या केसभर फटीत तो तयार झाला की दोन्ही बाजूंना दाबून धरतो. शिवाय कापताना येणारा प्रत्येक जोर अशा चकाला आणखी आवळत जातो. एवढ्या वर्षांचं आवळणं एका दुपारी कसं सुटणार?

मेस्त्रींनी आट्यांच्या तोंडाशी पातळ तेल सोडलं, तांब्याच्या हातोडीनं चकाला चौफेर हलके ठोके दिले, पुन्हा तेल सोडलं. “आता राहू दे. उद्या बघू.”

“उद्या?”

“तेलाला आत जायला वेळ लागतो. तू जोर केलास म्हणून ते पळत जाणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. दुपारी आई डबा घेऊन आली. शेडची एक पायरी चढताना तिनं दाराची चौकट धरली, आणि आत आल्यावर स्टुलावर बसून राहिली. थोरल्यानं डबा उघडायच्या आधीच विचारलं, “गेली होतीस काल?”

“गेलते.”

“मग?”

आई काही बोलली नाही.

“परवा परत जाऊन ये. बँकेचा माणूस रोज फोन करायलाय.”

मेस्त्री हात पुसत होते. त्यांनी ट्रेमधून मोडलेला एक दात उचलला आणि थोरल्यासमोर धरला.

“हा अडकला होता का रे?”

“नाही.”

“मग मोडला कशानं?”

“जोर आला त्याच्यावर.”

“जोर तू लावलास कुणाला?”

“चकाला.”

“चकाला लावलास आणि आला ह्याच्यावर. जोर लावणाऱ्याला वाटतं, आपला जोर अडकलेल्या जागीच पडतोय. तो वाटेतल्या सगळ्यांत नाजूक जागी पडतो बाळा. चक पोलादाचा, स्पिंडल पोलादाचा. हा गिअर बिडाचा. हा कुठंच अडकला नव्हता, रोज मुकाट फिरत होता. मोडला तो.” ते आईकडं वळले. “वहिनी, गोळ्या किती घेता आता?”

“दोन,” आई म्हणाली.

“भाऊ अडकलाय म्हणतोस. असंल,” मेस्त्री थोरल्याला म्हणाले. “पण पाइप तू आईला लावलायस.”

थोरल्याचा चेहरा उतरला, मग तापला. “घरातलं घरात राहू द्या मेस्त्री. तुम्ही चकाचं बघा.”

“बघतोय की,” म्हणून मेस्त्री उठले. खरं बोलणं ऐकून लगेच पालटणारी माणसं मी तरी फार पाहिली नाहीत. आधी राग येतोच, आणि तो यावा. ज्याला रागही येत नाही त्याच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं.

स्पिंडल धरायचा कसा, हा प्रश्न होताच. मेस्त्रींनी शेजारच्या शेडमधून एक गोल ठोकळा कातून आणला. लेथच्या मागच्या टोकाला स्पिंडलचं जे भोक असतं, त्यात सरकेल एवढ्या मापाचा. त्याला लांबीत चिरा पाडल्या, मधून भोक पाडलं आणि त्यात निमुळत्या डोक्याचा बोल्ट घातला. बोल्ट आवळला की ठोकळा फुगतो आणि स्पिंडलला आतून पकडतो. बाहेरच्या टोकाला एक दांडा, आणि तो दांडा जमिनीवर लाकडी ओंडक्याला टेकवलेला.

“एवढा खटाटोप?” थोरला म्हणाला. “पुलीला पट्टा आवळला असता तर?”

“पुलीपासून स्पिंडलपर्यंत मधे पिन आहे. ती मोडली असती. मधे कुणाला घालायचंच नाही. ज्याला धरायचंय त्यालाच धरायचं.” एवढं बोलून मेस्त्री गप्प झाले. थोरलाही गप्प झाला, आणि बराच वेळ त्या दांड्याकडं बघत राहिला.

मग पुढची बाजू. लोखंडी पट्टीचे दोन अर्धगोल चकाभोवती बसवले, आत कातड्याचे तुकडे घातले म्हणजे चकाला चरे पडू नयेत, आणि बोल्टनं आवळले. एका बाजूला हातभर दांडा ठेवला. बेडवर फळी टाकली, कारण चक सुटून खाली पडला तर बेडला कायमची खोक पडते. शेवटी मेस्त्रींनी गरम हवेची गन मागवली, ज्योत नव्हे, आणि फक्त चकाच्या अंगावर फिरवली. हात ठेववत नाही इतका चक तापला, पण आतला स्पिंडल अजून थंड होता. पोलाद तापलं की वाढतं. पन्नास मिलिमीटर व्यासाला साठ अंशांचा फरक मिळाला तर मिलिमीटरचे जेमतेम साडेतीन शतांश. पण गंजाची पकड सुटायला तेवढी ढिलाई पुरते. फक्त घाई केली पाहिजे, नाहीतर उष्णता आत जाऊन स्पिंडलही वाढतो.

“आता दाबायचं नाही,” मेस्त्री म्हणाले. “झटका द्यायचा. तांब्याचा हातोडा घे. एकच, पण मनापासून.”

थोरल्यानं हातोडा मारला. काही झालं नाही. दुसरा मारला. तिसऱ्याला दांडा बोटभर सरकला, आवाज न करता. थोरल्यानं आधी मागं वळून गिअरकडं पाहिलं. तिथं काही पडलं नव्हतं. मग त्यानं दांडा हातानं ढकलला आणि चक फिरला.

आट्यांवर तांबडी पूड होती. जिथं स्क्रू रुतला होता तिथं दोन आटे चेपले होते. मेस्त्रींनी ते तीनधारी कानशीनं हळूहळू साफ केले, एकेक आटा मोकळा होईपर्यंत. नवा चक बसवायच्या आधी आटे आणि मागचा खांदा पुसायचा, थेंबभर तेल लावायचं, चक हातानं चढवायचा, मोटर चालू करून कधीच नाही. खांद्याला टेकला की झालं. हे सगळं त्यांनी थोरल्याकडून त्याच्याच हातानं करून घेतलं. बॅक गिअरच्या जागी त्यांनी खाच पाडून बिडाचा तुकडा बसवला, पितळेनं झाळला आणि कानशीनं त्याला दाताचा आकार दिला. दोन दिवस गेले त्यात. चक सोडवायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ ते दोन दात परत उभे करायला लागला. जो दुवा विनाकारण मोडतो त्याला जोडायचं काम नेहमी असंच लांबतं, आणि त्याचे पैसे कुणालाच लावता येत नाहीत.

फ्लँजचं पहिलं काम तयार होऊन गेलं त्या संध्याकाळी आईनं पिशवी उचलली. “शिरोलीला जाऊन येते,” ती म्हणाली.

“तू बस घरी,” थोरला म्हणाला. “मी जातो.”

धाकट्यानं दार उघडलं तेव्हा त्याला आधी वाटलं, आईला काही झालं. थोरला आत आला आणि बसला. कागद त्यानं आणला नव्हता. चहा आला, संपला. दोघांपैकी कुणालाच सुरुवात सापडत नव्हती, आणि तसं होणारच. वर्षभर ते एकमेकांशी आईच्या तोंडून बोलत आले होते.

“तू सही का करत नाहीस, हे मी तुला कधी विचारलंच नाही,” थोरला शेवटी म्हणाला.

धाकटा बायकोकडं बघून मग म्हणाला, “शेडवर पत्रे घालायचे होते तेव्हा हिच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. तुला आठवतंय?”

थोरला बोलला नाही.

“बाबांनी सांगितलं होतं, सोडवून देऊ. बाबा गेले. पाटल्या सुटल्या नाहीत, लिलावात गेल्या. त्यावर घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आणि तुझ्या त्या कागदावर काय लिहिलंय? कोणताही मोबदला न घेता हक्क सोडत आहे. मी शेड मागत नाही दादा. मला तिथं यायचंपण नाही. पण हिनं काही दिलंच नव्हतं, असं मी सही करून कसं लिहून देऊ?”

थोरल्याला सगळं आठवत होतं. पत्रे चढले तो दिवस आठवत होता, भावजयीचे रिकामे हातही आठवत होते. शेडचा हिशेब त्यानं नव्या वहीत उतरवून घेतला होता तेव्हा जुन्या वहीचं ते पान त्यानं उतरवलं नव्हतं, एवढंच. विसरलो, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता.

“किती तोळ्याच्या होत्या?” त्यानं विचारलं.

“चार,” धाकट्याची बायको आतून म्हणाली.

“आजचा भाव बघून एकदम द्यायचे झाले तर मला जमणार नाही,” थोरला म्हणाला. “कर्ज झालं की निम्मे, उरलेले वर्षात.”

“ते कागदावर येऊ दे.”

“येईल. दुय्यम निबंधकाकडं जायच्या आधी वकिलाला आपण दोघं मिळून सांगू.”

“आणि आईला मधे घालायचं नाही,” धाकटा म्हणाला. “तूबी नाही, मीबी नाही.”

“नाही,” थोरला म्हणाला, आणि मुलाच्या दप्तरातली एक वही मागून घेऊन त्यावर तारीख घातली. “सांग आता, पत्र्यांचं बिल किती झालं होतं?”